माजी सैनिकाच्या मेंदूला मार बसला होता का? चार प्रश्न कसे विचारायचे आणि पुढे काय करायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. पश्चिम महाराष्ट्रात तालुक्याच्या गावी प्रॅक्टिस करणाऱ्या एका डॉक्टरांकडे निवृत्त फौजी बरेच येतात. डोकेदुखी, विसर पडणं, चिडचिड, झोप नाही, अशा तक्रारी असतात. काहींनी काश्मीरमध्ये आयईडीचा स्फोट अगदी जवळून झेललेला आहे. अमेरिकेत माजी सैनिकांना मेंदूच्या दुखापतीसाठी चार प्रश्न विचारतात, ते इथे वापरता येतील का? आणि उत्तरं ‘हो’ आली तर एमआरआय काढून निदान पक्कं होईल का?

प्रश्न वापरता येतील. एमआरआयने निदान पक्कं होणार नाही, बहुतेकांचा तो नॉर्मलच येईल. त्या दिवशी स्फोटानंतरच्या पहिल्या काही मिनिटांत आणि तासांत काय घडलं, यावरून हे निदान होतं. त्यासाठी लागतो पाऊण तास निवांत वेळ, आणि जमलं तर त्याची बायको किंवा युनिटमधला एखादा सोबती. आज डोकं दुखतं, विसरायला होतं, म्हणजे तेव्हा मेंदूला मार बसला असणार, असं उलटं चालत जाणं ही या कामातली सगळ्यात महाग पडणारी चूक आहे. निदान त्या दिवसाचं करायचं असतं. इलाज मात्र आजच्या तक्रारींचा करायचा असतो, आणि त्यासाठी निदान पक्कं होण्याची वाट पाहायची गरज नसते.

आधी ती अमेरिकन चाळणी नीट समजून घेऊ. तिथल्या माजी सैनिकांच्या सरकारी आरोग्यव्यवस्थेने, म्हणजे व्हीएने, एप्रिल २००७ पासून इराक-अफगाणिस्तानात सेवा करून आलेल्या प्रत्येकाला हे प्रश्न विचारणं सक्तीचं केलं. माणूस गुडघा दुखतो म्हणून आला असला तरी कॉम्प्युटरवरच्या त्याच्या नोंदीत ही आठवण वर येते. मेंदूच्या दुखापतीचं निदान आधीच झालेलं असेल तर त्याला थेट पुढच्या उपचाराबद्दल विचारतात. नसेल तर चार गट:

१. तैनातीत यातलं काही घडलं का: स्फोट (आयईडी, सुरुंग, ग्रेनेड, रॉकेट), वाहनाचा किंवा विमान-हेलिकॉप्टरचा अपघात, खांद्याच्या वर गोळी किंवा छर्रा लागणं, पडणं, डोक्यावर फटका.

२. त्यानंतर लगेच: शुद्ध हरपली, गोंधळल्यासारखं झालं किंवा डोळ्यांपुढे काजवे चमकले, घटना आठवत नाही, डोक्याला इजा झाली.

३. त्यानंतर सुरू झालं किंवा वाढलं: विसर, तोल जाणं किंवा चक्कर, प्रखर उजेड सहन न होणं, चिडचिड, डोकेदुखी, झोपेची तक्रार.

४. यातलं काही गेल्या आठवड्यात झालं का.

चारही गटांत किमान एकेक ‘हो’ आला तरच चाळणी पॉझिटिव्ह. अशा माणसाला तज्ज्ञांकडून सविस्तर तपासणी देऊ केली जाते, आणि ती ३० दिवसांत व्हावी अशी अपेक्षा असते. साधारण पाचांत एक जण चाळणीत पॉझिटिव्ह येतो. सविस्तर तपासणी झालेल्यांपैकी मोठ्या हिश्शाच्या बाबतीत दुखापतीचं निदान कायम होत नाही. हा प्रश्नावलीचा दोष नाही. कुणी निसटू नये म्हणून तिची जाळी मुद्दाम अशी बांधलेली आहे. पण कागदावर चार ‘हो’ पाहून केसपेपरवर ‘टीबीआय’ (मेंदूची आघातजन्य दुखापत) लिहून टाकणारा डॉक्टर पुष्कळ लोकांना नसलेला आजार देतो.

उलट बाजूही पाहा. ही प्रश्नावली फक्त तैनातीतल्या घटना विचारते. भरतीआधी आखाड्यात डोकं आपटलं, रेजिमेंटच्या बॉक्सिंगमध्ये दोन-तीनदा नॉकआउट झाला, किंवा निवृत्तीनंतर हेल्मेटशिवाय मोटरसायकलवरून पडला, हे तिच्यात येतच नाही. आपल्याकडे या शेवटच्या प्रकाराने मेंदूला होणारी इजा स्फोटांपेक्षा कितीतरी जास्त दिसते. म्हणून मी सुचवेन की लहानपणापासून आजपर्यंतचा डोक्याला मार लागल्याचा इतिहास एकदा सलग घ्या. डोक्याला किंवा मानेला झालेल्या इजेसाठी कधी दवाखान्यात गेलात का, गाडीचा अपघात, पडणं, मारामारी किंवा खेळ, स्फोट, या क्रमाने विचारलं की माणसाला आठवत जातं. ‘डोक्याला कधी मार लागला का?’ एवढंच विचारलं तर बरेच जण ‘नाही’ म्हणतात, कारण त्यांच्या लेखी रक्त आलं आणि टाके पडले तरच तो मार.

आता ज्याच्यावर सगळं अवलंबून आहे ती मुलाखत. टिकमार्कचा कागद कंपाउंडरकडून भरून घेतला तरी चालेल. मुलाखत स्वतः घ्या. उत्तर सुचवणारा प्रश्न टाळा. ‘बेशुद्ध झाला होतात का?’ असं विचारलं की बरेच जण ‘हो, थोडा वेळ’ म्हणतात, कारण स्फोटानंतर बधिर होऊन पडून राहिलेल्या माणसालाही ते तसंच वाटतं. त्याऐवजी घटनेच्या दोन बाजूंनी या:

‘मेजर, स्फोट व्हायच्या आधीचं शेवटचं काय आठवतं?’

‘गाडीत मागे बसलो होतो. जोडीदार पाण्याची बाटली पुढे देत होता.’

‘आणि त्यानंतरचं तुम्हाला स्वतःला आठवणारं पहिलं काय? दुसऱ्यांनी सांगितलेलं नको.’

‘मला ओढत रस्त्याच्या कडेला नेत होते. धूळ होती. कानात शिट्टी.’

‘मधलं?’

‘मधलं नाही.’

‘ओढत नेलं ते किती वेळाने, कुणी सांगितलं का?’

इथे तुम्हाला आठवणीतली पोकळी सापडली. ती किती मोठी आहे हे आता शोधायचं. स्वतःच्या बेशुद्धीची वेळ कुणीही मोजू शकत नाही. ‘पाच मिनिटं असेन’ हे उत्तर म्हणजे अंदाज. कुणी पाहिलं, त्याने काय सांगितलं, रेडिओवर मेसेज कधी गेला, हेलिकॉप्टर कधी आलं, अशा खुणांना बांधून वेळ काढा. मग पुढे जा: सलग, तुटक नसलेली आठवण कुठून सुरू होते? फील्ड हॉस्पिटलमधल्या पहिल्या रात्रीपासून, की दुसऱ्या दिवसापासून? तोच तोच प्रश्न पुन्हा विचारत होता, असं कुणी सांगितलं का? उलट्या झाल्या का? हत्यार कुठे आहे ते माहीत होतं का? वायरलेसवर नीट बोलला का?

हा शेवटचा भाग फार कामाचा आहे. स्फोटानंतर सुन्न होणं दोन वेगळ्या कारणांनी होतं. एक म्हणजे मेंदूला खरंच धक्का बसलेला असतो. दुसरं म्हणजे भीती आणि अॅड्रिनलिनमुळे काळ थांबल्यासारखा वाटतो, आवाज लांबून येतात. दुसऱ्या प्रकारात माणूस हादरलेला असतो, पण पोझिशन घेतो, आदेश देतो, जखमीला ओढतो, आणि ते सगळं त्याला नंतर आठवतं, अनेकदा नको इतकं स्पष्ट. पहिल्या प्रकारात आठवणीला भोक असतं, किंवा सोबती सांगतात की हा भलतीकडेच चालत निघाला होता, काहीच्या बाही बोलत होता. स्फोटाचा आवाज, वास, चेहरे सगळं लख्ख आठवतंय आणि ते रात्री झोपू देत नाही, अशी कथा असेल तर मेंदूच्या दुखापतीआधी पीटीएसडीचा, म्हणजे भयंकर प्रसंगानंतर मनावर राहणाऱ्या आघाताच्या विकाराचा, विचार करा. दोन्ही एकत्रही असतात, तो मुद्दा पुढे येतो.

पोकळी मोजताना एक खड्डा टाळा. जखमीला मॉर्फिन दिलं असेल, भूल देऊन ऑपरेशन झालं असेल, व्हेंटिलेटरवर ठेवलं असेल, तर ते दिवस न आठवणं औषधाचंही असू शकतं. पायाला सुरुंग लागून तीन दिवस भुलीखाली असलेल्या जवानाला ‘तीन दिवसांची विस्मृती, म्हणजे मध्यम दुखापत’ असं लेबल लावलं तर ते चूक आहे. भूल देण्याआधीचं काय आठवतं, तेवढंच मोजा.

स्फोटाच्या तपशिलात अंतर विचारा, गाडीच्या आत की बाहेर, भिंतीच्या आडोशाला की उघड्यावर, गाडी उलटली का, कानाचा पडदा फाटला का. अमेरिकन सैन्याने २०१० मध्ये नियम केला की स्फोटाच्या ५० मीटरच्या आत असलेल्या, स्फोटात सापडलेल्या किंवा उलटलेल्या वाहनातल्या आणि डोक्याला थेट फटका बसलेल्या प्रत्येक जवानाला, तक्रार असो वा नसो, तपासायचं आणि किमान २४ तास विश्रांती द्यायची. हे अंतर ‘तपासा’ म्हणण्यासाठी आहे. २० मीटरवर होता म्हणून दुखापत झालीच, असा त्याचा अर्थ नाही.

एवढं हाती आलं की तीव्रता ठरवणं सोपं. बेशुद्धी ३० मिनिटांपर्यंत, गोंधळलेपण २४ तासांपर्यंत, विस्मृती एक दिवसापर्यंत आणि स्कॅन नॉर्मल: सौम्य, म्हणजेच कंकशन. बेशुद्धी ३० मिनिटांहून जास्त पण २४ तासांच्या आत, किंवा विस्मृती एक ते सात दिवस: मध्यम. त्याहून जास्त: तीव्र. वेगवेगळ्या निकषांवर वेगळी पायरी येत असेल तर वरची धरा. ही पायरी त्या दिवशीच्या इजेची आहे. आज माणूस किती त्रासात आहे याच्याशी तिचा सरळ संबंध नाही. ‘सौम्य’ दुखापतीवाला दहा वर्षांनी नोकरी टिकवू शकत नसेल, तर त्याचं कारण बहुधा त्या दुखापतीत एकट्यात नसतं, आणि ते शोधलं तर हाती लागतं.

हे असं का, ते २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासातून लक्षात येतं. इराकहून परतलेल्या अडीच हजारांवर अमेरिकन सैनिकांना परतल्यानंतर काही महिन्यांनी तपासलं. ज्यांची शुद्ध हरपली होती त्यांच्यापैकी जवळजवळ ४४ टक्क्यांत पीटीएसडीचे निकष भरले. ज्यांना डोकं सोडून इतरत्र इजा झाली होती त्यांच्यात हे प्रमाण १६ टक्के, आणि काहीच इजा नसलेल्यांत ९ टक्के. पीटीएसडी आणि नैराश्य हिशेबात घेतल्यावर डोकेदुखी सोडून बाकी बहुतेक तक्रारींचा सौम्य दुखापतीशी असलेला संबंध उरला नाही. याचा अर्थ तक्रारी खोट्या होत्या असा अजिबात नाही. ज्या दाराने त्या आत आल्या ते दार वेगळं होतं, आणि त्या दाराला इलाज आहे.

म्हणून मेंदूची चाळणी एकटी कधीच करू नका. तिच्या जोडीला त्याच भेटीत या गोष्टी हव्यात. पीटीएसडीची पाच प्रश्नांची पीसी-पीटीएसडी-५. चार किंवा जास्त ‘हो’ आले तर सविस्तर तपासा. नैराश्यासाठी पीएचक्यू-९, १० किंवा जास्त गुण आले की पुढे जा, आणि नवव्या प्रश्नाला शून्याखेरीज काहीही उत्तर आलं तर तिथेच थांबून आत्महत्येच्या विचारांबद्दल सरळ विचारा. विचारल्याने ते विचार डोक्यात येत नाहीत. निवृत्त फौजीकडे परवान्याची बंदूक असू शकते, बँकेत किंवा एटीएम व्हॅनवर गार्ड असेल तर बहुधा असतेच. धोका वाटला तर बंदूक आणि काडतुसं घरातून हलवण्याबद्दल त्याच्याशी आणि घरच्यांशी त्याच दिवशी बोला. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो, मराठीतूनही बोलता येतं. तो कागदावर लिहून हातात द्या.

दारूचा प्रश्न ‘किती पेग?’ असा विचारलात तर उत्तर कामाचं येत नाही, कारण घरचा पेग कुणी मोजत नाही. कॅन्टीनची ७५० मिलीची बाटली किती दिवस जाते, घरात आणखी कोण पितं, असं विचारा. एकटा माणूस तीन दिवसांत बाटली संपवत असेल, तर रोजचं पाव लिटर रम विसराळूपणा, चिडचिड, मोडलेली झोप आणि पडणं, चारही गोष्टींना पुरेसं आहे.

झोपेत घोरतो का, मध्येच श्वास थांबतो का, हे बायकोला विचारा. स्लीप अॅप्निया (झोपेत श्वास अडण्याचा आजार) हा माजी सैनिकांच्या ‘मेमरी गेली’ या तक्रारीमागे वारंवार सापडतो. जाड मान, रक्तदाब, दिवसा डुलक्या असतील तर स्लीप स्टडीला पाठवा. वहिनींशी पाच मिनिटं वेगळं बोला. आधी आणि नंतर काय बदललं, त्या घटनेनंतर पहिल्या सुट्टीवर आले तेव्हा कसे होते, हात उगारतात का. नवऱ्यासमोर हे प्रश्न विचारू नका.

हे सगळं नाकारणारे पुष्कळ भेटतील. सिक्युरिटीची नोकरी जाईल, बंदुकीचा परवाना अडेल, पोराच्या लग्नात ‘डोक्याचा आजार’ आडवा येईल, ही भीती खरी आहे. नोंद कुठे जाते आणि कुठे जात नाही, हे आधी स्पष्ट सांगा. मग प्रश्न विचारा.

तपासणीकडे वळू. इथे दवाखान्यात वीस मिनिटांत जे सापडतं त्यातलं काही जागच्या जागी बरं होतं, म्हणून यावर वेळ घालवा.

चक्कर असेल तर डिक्स-हॉलपाइक ही चाचणी करा. माणसाला टेबलावर बसवा, डोकं एका बाजूला ४५ अंश वळवा आणि झटकन मागे झोपवा, डोकं टेबलाच्या कडेखाली साधारण २० अंश लटकेल असं. डोळे उघडे ठेवायला सांगा आणि निदान अर्धा मिनिट थांबा. दोन-चार सेकंदांनी भोवळ येऊन बुबुळं वर आणि गोल फिरल्यासारखी झटके देऊ लागली, आणि मिनिटाच्या आत ते थांबलं, तर कानातले कण सुटलेले आहेत. डोक्याला मार लागल्यावर हे बऱ्याचदा होतं आणि वर्षानुवर्षं तसंच राहू शकतं. एप्ली मॅन्युव्हर, म्हणजे डोकं ठराविक क्रमाने वळवून ते कण जागेवर नेण्याची पद्धत, लगेच करा. बऱ्याच जणांना एक-दोन वेळांत आराम पडतो. मानेला जुनी इजा असेल किंवा मानेच्या रक्तवाहिन्यांचा आजार असेल तर हे करू नका, ईएनटीकडे पाठवा. अशा माणसाला वर्षानुवर्षं चक्करेच्या गोळ्या चालू ठेवणं म्हणजे मेंदूला तोल पुन्हा शिकू न देणं.

वाचताना डोकं दुखतं, ओळी सरकतात, असं सांगत असेल तर पेनचं टोक हातभर अंतरावरून हळूहळू नाकाकडे आणा. दोन पेनं कधी दिसतात ते अंतर मोजा. तीनदा मोजून सरासरी काढा. ५-६ सेंटिमीटरपेक्षा लांबच दोन दिसू लागली तर डोळ्यांचं एकत्र वळणं कमी आहे आणि त्याला व्यायाम आहेत. चाळिशी लागलेल्याला जवळचा चष्मा घालूनच हे करा, नाहीतर धूसर दिसण्यालाच तो ‘दोन’ म्हणेल.

बाकी: एका रेषेत टाच-बोट लावून चालवा, डोळे मिटून उभं करा, एकेका नाकपुडीला कॉफी किंवा लवंगेचा वास द्या (वास गेलेला असेल तर कपाळामागच्या भागाला मार बसल्याची ती चांगली खूण आहे), मानेच्या स्नायूंत दुखतं का दाबून पाहा, ऑडिओमेट्री (ऐकण्याची चाचणी) करून घ्या. ज्याला नीट ऐकूच येत नाही तो बायकोने सांगितलेलं ‘विसरतो’.

तक्रारींची मोजदाद करायला एनएसआय ही प्रश्नावली वापरा: २२ तक्रारी, गेल्या दोन आठवड्यांपुरत्या, प्रत्येकीला ० ते ४ गुण, एकूण ८८ पर्यंत. एकूण आकड्यावरून निदान करू नका, तो त्यासाठी नाहीच. ज्या ओळींत ३ किंवा ४ आहे त्या तुमच्या इलाजाची यादी आहेत. बावीसच्या बावीस ओळींत ४ आले असतील तर माणूस फार त्रासात आहे किंवा काहीतरी पटवून द्यायचा प्रयत्न करतो आहे. दोन्ही वेळा त्याच्याशी बोलायचंच असतं, त्याला खोटं पाडायचं नसतं.

डोकेदुखीत आधी गोळ्या मोजा. साधी पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन महिन्यात १५ दिवस किंवा जास्त, सॅरिडॉनसारख्या मिश्र गोळ्या किंवा मायग्रेनवरच्या ट्रिप्टान गोळ्या १० दिवस किंवा जास्त, असं तीन महिन्यांहून अधिक चाललं असेल तर गोळीच डोकेदुखी टिकवून धरते आहे. हे आधी सोडवा, मग मायग्रेनचं प्रतिबंधक औषध ठरवा. झोपेसाठी अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम या गुंगीच्या गोळ्या लावू नका. तोल आणि स्मरणशक्ती दोन्ही बिघडतात, आणि पीटीएसडीतही त्यांचा उपयोग नाही. आधीच चालू असेल तर एकदम बंद करू नका, हळूहळू उतरवा.

आता तपासण्या. पहिल्या भेटीतच हिमोग्लोबिन, बी-१२, टीएसएच (थायरॉइड), साखर, सोडियम, क्रिएटिनिन करून घ्या. शाकाहारी साठीतल्या माणसात बी-१२ न पाहता ‘स्फोटाचा परिणाम’ म्हणणं अक्षम्य आहे. कायमचा गळून गेलेला थकवा, वजन वाढणं, कामेच्छा जाणं, रक्तदाब कमी, असं चित्र असेल तर मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीसाठी सकाळी आठच्या सुमाराला कॉर्टिसॉल आणि टेस्टोस्टेरॉन, सोबत फ्री टी-४. जीएफएपी आणि यूसीएच-एल१ या रक्ततपासण्यांची जाहिरात दिसेल. त्या दुखापतीनंतरच्या पहिल्या काही तासांत सीटी करायचा की नाही हे ठरवण्यासाठी आहेत. दहा वर्षांनी त्या काहीही सांगत नाहीत.

मोका ही स्मरण आणि विचारशक्तीची ३० गुणांची चाचणी करायला हरकत नाही, पण ती डिमेन्शियाआधीच्या (विस्मरणाच्या आजाराआधीच्या) सौम्य बिघाडाच्या शोधासाठी बनलेली आहे. जुनं कंकशन ती पकडत नाही. बारा किंवा कमी वर्षं शिकलेल्याला एक गुण वाढवून द्यायचा असतो. आठवी पास होऊन भरती झालेल्या माणसाचे २३ गुण पाहून घाबरू नका आणि त्यालाही घाबरवू नका.

एमआरआय ठराविक कारणांसाठीच: नवं लक्षण, वाढत जाणारं लक्षण, फिट, तपासणीत सापडलेला दोष, किंवा इतिहासात मध्यम-तीव्र दुखापत आणि तेव्हाचा स्कॅन हाती नाही. काढलाच तर एसडब्ल्यूआय सिक्वेन्स मागा, जुने सूक्ष्म रक्तस्राव त्यात दिसतात. त्याआधी दोन गोष्टी. ज्याच्या अंगात छर्रे असू शकतात त्याचे आधी एक्स-रे, डोळ्यांच्या खोबण्यांचासुद्धा. लोखंडी छर्रा डोळ्यात किंवा मेंदूत असेल तर चुंबक तो हलवू शकतो. ‘ऑपरेशनमध्ये सगळे काढले’ या आठवणीवर विसंबू नका. दुसरी गोष्ट सियाचीनची. उंचीवर मेंदूला सूज येऊन खाली आणलेल्या जवानात अनेक वर्षांनीही एसडब्ल्यूआयवर सूक्ष्म रक्तस्राव दिसू शकतात, विशेषतः मेंदूचे दोन अर्धे जोडणाऱ्या कॉर्पस कॅलोझममध्ये. रेडिओलॉजिस्टला हा इतिहास कळवला नाही तर रिपोर्टवर ‘जुनी आघातजन्य इजा’ छापून येईल आणि तेच पुढे खरं धरलं जाईल.

एक परिस्थिती मात्र थांबणारी नाही. साठीच्या पुढचा माणूस, रक्त पातळ करायची गोळी चालू किंवा दारू भरपूर, आणि गेल्या काही आठवड्यांत चालणं, बोलणं, समज बदलली असेल, तर जुन्या स्फोटाचा विचार बाजूला ठेवून त्याच दिवशी सीटी करा. बाथरूममध्ये घसरल्यानंतर मेंदूवर हळूहळू साचणारं रक्त ऑपरेशनने काढता येतं, आणि ‘ते फौजेपासूनच तसे आहेत’ या वाक्याखाली ते लपतं.

तोफखान्यातल्या आणि रॉकेट लाँचर हाताळलेल्या लोकांसाठी वेगळा प्रश्न लागतो, कारण त्यांच्या बाबतीत ‘एक घटना’ नसतेच. देवळालीच्या तोफखाना स्कूलमध्ये वर्षानुवर्षं इन्स्ट्रक्टर राहिलेला किंवा ८४ मिमी रॉकेट लाँचरचं प्रशिक्षण देणारा माणूस कधी बेशुद्ध झालेला नसतो, पण त्याने हजारो वेळा दाबाची लाट अंगावर घेतलेली असते. चार प्रश्नांच्या चाळणीत तो दुसऱ्या गटाच्या प्रश्नांतच गळून जातो. अमेरिकन संरक्षण खात्याने ऑगस्ट २०२४ मध्ये याबद्दल आदेश काढला, दाबाच्या लाटेची ४ पीएसआय (दाबाचं एकक) ही धोक्याची पातळी ठरवली आणि नव्या भरतीची सुरुवातीलाच बौद्धिक चाचणी घ्यायला सांगितलं. या प्रकारच्या इजेचं पक्कं निदान देणारी चाचणी आज दवाखान्यात उपलब्ध नाही. तुम्ही एवढं करा: कोणतं हत्यार, किती वर्षं, दिवसाला साधारण किती राउंड, फायरिंगनंतर डोकं जड होणं, मळमळ, कानठळ्या किती वेळ टिकत, हे लिहून ठेवा.

निदान सांगताना शब्द जपा. ‘ब्रेन डॅमेज आहे’ हे ऐकून घरी गेलेला माणूस त्यानंतर विसरलेली प्रत्येक किल्ली त्या खात्यात टाकतो आणि खरंच बिघडत जातो. सौम्य दुखापतीत साधारण असं सांगा: ‘त्या स्फोटात तुमच्या मेंदूला धक्का बसला होता, हे तुमच्या सांगण्यावरून स्पष्ट आहे. अशा धक्क्यातून मेंदू बहुतेक वेळा काही आठवड्यांत सावरतो. आज जे होतंय त्यात झोप, डोकेदुखीच्या गोळ्या आणि कान या तीन गोष्टी मला दिसल्या आहेत, आणि तिन्ही सुधारू शकतात. झोपेपासून सुरुवात करू.’ दुखापत नाकारू नका, आणि तिला आयुष्यभराची शिक्षाही करू नका.

कागदपत्रांचं महत्त्व डॉक्टर कमी लेखतात. व्हीएमध्ये भरपाईसाठी मेंदूच्या दुखापतीचं पहिलं निदान न्यूरोलॉजिस्ट, न्यूरोसर्जन, सायकियाट्रिस्ट किंवा फिजिआट्रिस्ट (पुनर्वसनतज्ज्ञ) यांपैकीच कुणी करायचं, असा नियम आहे. २०१६ मध्ये उघडकीला आलं की २४ हजारांहून अधिक माजी सैनिकांची ही पहिली तपासणी या चौघांपैकी कुणीच केली नव्हती, आणि त्यांना नव्याने तपासणीची संधी द्यावी लागली. मध्यम किंवा तीव्र दुखापतीनंतर १५ वर्षांच्या आत झालेला डिमेन्शिया, तसंच पार्किन्सनची लक्षणं, फिट्स, काही हॉर्मोनचे आजार आणि ठराविक मुदतीतलं नैराश्य त्या दुखापतीतूनच आलं असं धरणारा नियम तिथे २०१४ पासून लागू आहे. म्हणजे त्या दिवशीची विस्मृती एक दिवसाची होती की दोन दिवसांची, यावर पुढचं बरंच ठरतं.

आपल्याकडची व्यवस्था वेगळी आहे, पण नोंदीची गरज तीच. त्याला घटनेच्या वेळचा इंज्युरी रिपोर्ट, हॉस्पिटलचं डिस्चार्ज समरी आणि रिलीज मेडिकल बोर्डाची (निवृत्तीच्या वेळच्या वैद्यकीय तपासणीची) कागदपत्रं आणायला सांगा. नसतील तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून रेकॉर्ड ऑफिसकडे अर्ज कसा करायचा ते कळतं. ईसीएचएस (माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं) कार्ड असेल तर पॉलिक्लिनिकमधून न्यूरोलॉजी आणि सायकियाट्रीचं रेफरल घ्यायला सांगा. तुमच्या चिठ्ठीत निष्कर्षाआधी तपशील लिहा: तारीख, ठिकाण, स्फोटाचं अंतर, आत की बाहेर, शेवटची आठवण, पहिली आठवण, बेशुद्धीबद्दल कुणी सांगितलं, भूल कधी दिली, त्यानंतर किती दिवस ड्यूटीवर नव्हता. ‘सीटी नॉर्मल, सबब इजा नाही’ हे वाक्य लिहू नका. सौम्य दुखापतीत सीटी नॉर्मल असणं हाच नियम आहे. आणि ‘टीबीआय असावा’ एवढंच लिहून सोडू नका, त्याचा पुढच्या डॉक्टरला काही उपयोग होत नाही.

सहा आठवड्यांनी परत बोलवा आणि एनएसआय पुन्हा भरून घ्या, आधीचा कागद न दाखवता. झोप आणि गोळ्या मार्गी लागल्यावर विसरण्याच्या ओळीतला ३ अनेकदा १ वर आलेला दिसतो. तीन महिने झोप, डोकेदुखी, मनःस्थिती, दारू यांवर नीट काम करूनही स्मरणाची तक्रार तशीच राहिली, तर तेव्हा न्यूरोसायकॉलॉजिस्टकडून (मेंदूच्या कामांची मानसशास्त्रीय चाचणी घेणाऱ्या तज्ज्ञाकडून) पूर्ण चाचणी करून घ्या. त्याआधी केलेली चाचणी अपुऱ्या झोपेचं मोजमाप देते.